साहेब घाटात आहेत

मागच्या पंधरवड्यात मंदाच्या मामांना बघायला दवाखान्यात गेलो होतो. मंदा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. मामांची छाती भरली होती, पण आता उतार पडला होता. खाटेभोवती सुलतानपूरहून आलेली माणसं हाताची घडी घालून उभी, सगळी गप्प. गप्पपणा मला सोसत नाही. तो माझ्या धंद्याचा आजार आहे. मी स्टूल ओढलं, मामांचा हात हातात घेतला आणि चांगल्या दणदणीत आवाजात म्हणालो, "मामा, आता खचायचं नाही. शेवटच्या काही मिनिटांचाच खेळ उरलाय."

मामींनी पदर तोंडाला लावला. मामांनी एक डोळा उघडून आधी माझ्याकडं आणि मग सलाइनच्या बाटलीकडं पाहिलं. म्हणाले, "डॉक्टर तुमाले काही बोलले काय, जावईबापू?"

मामा आता घरी आहेत, ठणठणीत आहेत आणि आल्यागेल्याला हा किस्सा हावभावासकट सांगतात. सुलतानपुरात माझी जायची सोय उरलेली नाही.

सांगायचं म्हणजे, मी बास्केटबॉलचा माजी खेळाडू आहे आणि सध्या समालोचक. 'माजी' हा शब्द आमच्या जिल्ह्यात सरपंच, सभापती, संचालक अशा खुर्चीवाल्यांना लागतो आणि त्यांना तो शोभतोही. खेळाडूला लागला की तो जिना चढताना गुडघ्यातून बोलतो. आमच्या काळी या देशात बास्केटबॉलचा पगारी खेळाडू म्हणजे काय, तर एका मोठ्या खात्यात कारकुनाच्या हुद्द्यावर पगार घ्यायचा आणि कचेरीऐवजी मैदानावर हजेरी द्यायची. माझं टेबल कोणत्या मजल्यावर आहे हे मला गुडघा गेला तेव्हा कळलं. पुढची काही वर्षं मी त्या टेबलाखाली माझे पाय कसे मावतील या एकाच प्रश्नावर काम केलं. माझ्या उंचीचा माणूस गृहीत धरून सरकारनं अजून काही बनवलेलं नाही.

मग एका ऑनलाइन वाहिनीला परदेशी सामन्यांचं मराठीतून समालोचन करणारा माणूस हवा होता. हंगामापुरतं पुण्याला जायचं, कपाटाएवढ्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि पडद्यावर दूरदेशीची पोरं उड्या मारतील त्याचं वर्णन करायचं. तिथली निर्माती केतकी, माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे 'मले', 'त्याले' सोडायचं. पहिल्याच आठवड्यात मी "बॉल डावीकडून जाऊन राह्यला" असं म्हणून गेलो होतो आणि ते वाक्य पुण्यातल्या पोरांच्या मोबाइलवर असं काही फिरलं, की टपरीवरचा एक अनोळखी मुलगा मला म्हणाला, "काका, चहा येऊन राह्यला." मी हसलो. हसता हसता कान गरम झाले. तेव्हापासून मी इतकं शुद्ध बोलायला लागलो की फोनवर आई मला विचारायची, "कोन बोलून राह्यलं?"

दुसरी गोष्ट शांततेबद्दलची. केतकी म्हणायची, "सर, शांतता पडली की प्रेक्षक बोट फिरवतो आणि निघून जातो. चित्र अडकू दे, सामना लांबू दे, तुम्ही भरत राहायचं." भरत राहणं हा त्यांच्या धंद्यातला शब्द. पोतं भरावं तशी वेळ भरायची. हे मात्र मला सुरेख जमलं. सामना सुरू व्हायला कितीही उशीर होवो, मी रिंगच्या उंचीपासून खेळाडूच्या आजीच्या स्वयंपाकापर्यंत कशावरही बोलू शकतो, आणि ऐकणाऱ्याला आपण थांबलोय हे कळत नाही. केतकी माझ्यावर खूश होती. खोटं कशाला बोलू, मीही माझ्यावर खूश होतो.

आता पुन्हा थंडी पडली आहे. दिवाळी सरली की बुलढाण्यात एखाद्या सकाळी दार उघडावं आणि थंडी उंबऱ्यापाशी उभी असावी, अशी ती येते. आमचं गाव पठारावर. घाटाखालची माणसं आमच्याकडं लग्नाला यायची म्हटली तरी पिशवीत स्वेटर टाकून येतात. या दिवसांत घराघरांतून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास येतो. कापसाच्या गाड्या रस्त्यानं जातात आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहतात. बाभळीलाच बोंडं आल्यासारखी वाटतात. ऊन कोवळं, सावली बोचरी. दुपारी कोर्टाबाहेर वकील लोक काळे कोट घालून उन्हाच्या पट्ट्यात उभे असतात आणि पट्टा सरकेल तसे सरकतात.

आणि मैदानावर फक्की पडते. फक्की म्हणजे रेघा आखायची पांढरी भुकटी. तिचा एक कोरडा, नाकाला झोंबणारा वास असतो. तो आला की माझ्या पोटात अजूनही सामन्याआधीचा गोळा उठतो. पण गेली काही वर्षं त्या गोळ्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी येतं. ते पोटातून उठत नाही. ते कानापासून सुरू होतं, मानेवरून खाली उतरतं, आणि मी चौकातल्या स्पर्धेच्या फ्लेक्सकडं न बघता गाडी पुढं काढतो. फ्लेक्सवर पाहुण्यांचे चेहरे ताटाएवढे असतात आणि खेळाडूंचे पोस्टाच्या तिकिटाएवढे. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात ताटाएवढा चेहरा माझा होता.

माझ्या आवाजाचा तो पहिलाच हंगाम. मी सुट्टीला घरी आलो होतो आणि गावात माझं भलतंच कौतुक चाललं होतं. अशात इंगळे सरांचा फोन आला. इंगळे सर म्हणजे ज्यांनी शाळेत असताना माझ्या हातात बास्केटबॉल दिला ते. "गणितात त काही तू दिवे लावत नाहीस, ये इकडं," एवढंच बोलून दिला होता. निवृत्त झाले तरी त्यांनी मातीच्या कोर्टावर पोरींचा संघ तयार करणं सोडलं नव्हतं.

"लंब्या, पोरी फायनलले गेल्या," ते म्हणाले. "घाटाखालच्या टीमसंग आहे. तू येजो. तुले पाहून धीर येईन पोरीयले. पाच मिनिटं बोलजो अन् बसजो."

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचे आणि घाटाखालचे. दोघांत सोयरिकी होतात, व्यवहार होतात, पण मैदानावर दोघं एकमेकांना परदेशी समजतात. जिंकणारा संघ विभागाच्या स्पर्धेला अमरावतीला जाणार होता. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. संघाची कॅप्टन आफरीन, कुशनवाल्या करीमभाईंची मुलगी. तिचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. करीमभाई म्हणाले होते, जिल्हा जिंकली तर अमरावतीला पाठवतो आणि पुढंही खेळू देतो. नाही तर आता खेळ पुरे. ते स्वतः सामना बघायला येणार होते, पहिल्यांदाच. "पोरगी बापाच्या समोर खेळणार आहे," सर म्हणाले. "म्हणून तुले बलावून राह्यलो."

मी गेलो. नवा जोधपुरी कोट घालून गेलो, हेही सांगून टाकतो.

दुपारचं ऊन छान होतं. स्टेजवर सोफे, सोफ्यांवर पांढऱ्या चादरी. समोर कोर्ट, कोर्टाच्या पलीकडं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं. मैदानाला दिवे नाहीत. ते तेव्हाही नव्हते आणि आताही नाहीत. मुली पळत होत्या, उड्या मारत होत्या, अंग गरम करत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. ही घामाची वेळ खेळाडूच्या हातात थोडी असते. अंग तापलं की लगेच सामना सुरू व्हावा लागतो, नाही तर ते निवतं, आणि निवलेलं अंग दुसऱ्यांदा तसं तापत नाही. हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. मी माझा गुडघा असाच एका थंड सकाळी, भाषणं संपायची वाट बघून झाल्यावर, पहिल्याच उडीत घालवला होता.

उद्घाटक साहेब यायचे होते. आयोजक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब घाटात आहेत. तोवर तुम्ही जरा बोलत राहा."

आमच्याकडं उशीर झालेला पाहुणा कायम घाटात असतो. तो मलकापुरात जेवत बसलेला असला तरी घाटात असतो. घाटात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळं तिथं कुणी तपासायला जाऊ शकत नाही. हे मलाही माहीत होतं. पण 'बोलत राहा' हे दोन शब्द कानात पडले आणि मी माइक हातात घेतला.

सरांनी सांगितलेली पाच मिनिटं कधी संपली मला कळलं नाही. मी भरत गेलो. शाळेतले किस्से सांगितले, खात्याच्या टेबलाचा किस्सा सांगितला, परदेशी खेळाडूंच्या बुटांचं माप सांगितलं. लोक हसत होते, मागच्या खुर्च्या पुढं सरकत होत्या. मुली पहिल्यांदा थांबल्या, मग पुन्हा पळून आल्या, पुन्हा थांबल्या, शेवटी फक्कीच्या रेघेवर ओळीनं बसल्या. कपाळावरचा घाम वाळून त्याची पांढरी रेघ झाली. आफरीन दोन्ही हातांनी पोटऱ्या चोळत होती. ऊन कोर्टावरून उचलून शाळेच्या भिंतीवर गेलं, भिंतीवरून निंबाच्या शेंड्यावर गेलं. इंगळे सर स्टेजच्या पायरीशी आले आणि हळूच म्हणाले, "आवर बे." मी मान डोलावली. आणि त्यांच्यावरच एक विनोद केला.

मग मी ते बोललो. पोटऱ्या चोळणाऱ्या मुलींकडं हात करून म्हणालो, "आपल्या मुली थंडीनं कुडकुडतायत, की घाटाखालच्या संघाला घाबरून, हे आता थोड्याच वेळात कळेल." मैदान खळाळून हसलं. आफरीननं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पोटऱ्या चोळणं थांबवलं. हात मांडीवर ठेवून ती सरळ बसली.

या गोष्टीवर मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. मी जर रटाळ बोललो असतो तर काय झालं असतं? लोक कंटाळले असते, मागून शिट्ट्या वाजल्या असत्या, कुणीतरी ओरडलं असतं, "सुरू करा ना बे मॅच." आयोजकांना सुरू करावीच लागली असती. आमच्या गावात किती सामने वाईट वक्त्यांमुळं वेळेवर सुरू झाले असतील, याची कुणी दखल घेतलेली नाही. मी चांगला बोललो. इतका चांगला बोललो की थांबल्याची जाणीव कुणाला झाली नाही. फक्त रेघेवर बसलेल्या मुलींना झाली.

साहेब आले तेव्हा दिवस कलला होता. नारळ, हार, शाल, फोटो. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा निंबाच्या शेंड्यावरचं ऊनही विझत आलं होतं. सामन्याचा वेळ कापून निम्म्यावर आणला. माइक माझ्याच हातात ठेवला होता. शेजारी साहेब. त्यांना माझ्या नोकरीबद्दल, पुण्यातल्या पगाराबद्दल आणि एवढ्या उंच माणसाला गादी कुठं मिळते याबद्दल उत्सुकता होती. मी एका कानानं त्यांचं ऐकत होतो, तोंडानं माइकवर बोलत होतो, मध्येच कुणाच्या मोबाइलकडं बघून हसत होतो. डोळ्यांना काही काम उरलंच नव्हतं. तरी शब्द येत होते. "काय ती चपळाई", "डोळ्यांचं पारणं फेडणारा खेळ". ही वाक्यं आमच्याकडं तयार असतात. त्यांना सामना लागत नाही.

बरोबरी झाली आणि अंधार पडला. पंच म्हणाले, चेंडू दिसत नाही. मग ठरलं, दोन्हीकडच्या पाच-पाच मुलींनी एकेक फ्री थ्रो टाकायचा. रिंग दिसावी म्हणून साहेबांची गाडी कोर्टावर आणून तिचे दिवे लावले. पण दिवे आले चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या पाठीमागं. त्यामुळं जी मुलगी टाकायला उभी राही, तिची स्वतःचीच सावली समोरच्या फळ्यावर पडायची आणि रिंग त्या सावलीत बुडायची.

शेवटचा फ्री थ्रो आफरीनचा होता. तो गेला असता तर पुन्हा बरोबरी, नाही तर संपलं. ती रेघेवर आली. चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. फ्री थ्रोच्या वेळी खेळाडूला सगळं जग बंद व्हावंसं वाटतं. मी खेळत असताना तर शेजारच्याचा श्वास ऐकू आला तरी चिडायचो. तिनं गुडघे वाकवले, आणि माझ्या हातातला माइक म्हणाला, "शाब्बास आफरीन." मनापासून म्हणाला. चारही भोंग्यांतून म्हणाला.

चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागला आणि अंधारात गेला.

कार्यक्रम मात्र जोरदार झाला, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात माझा माइकसकट फोटो होता आणि खाली 'बहारदार'. पण त्याआधी, मैदानावरच, इंगळे सर वाकून चेंडू गोळा करत होते. मी जवळ गेलो तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुयं काही चुकलं नाही, लंब्या. मीच बलावलं होतं तुले." आणि चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून चालू लागले.

मग एक गृहस्थ आले. बोटांना सुईची भोकं, स्वेटरवर फोमचे कण. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "मैं आफरीन का अब्बा. भाई, आवाज क्या मस्त है आपका. लडकी का खेल तो अंधेरे में दिखा नहीं, पर सुना पूरा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "चलो, हो गया," ते स्वतःशी म्हणाले आणि मुलीची पिशवी उचलून निघाले.

मंदाही पलीकडच्या खुर्च्यांत बसलेली होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गप्प राहून वर्गाला घाम फोडायचा तिला सराव आहे. सकाळी चहाचा कप पुढं ठेवून म्हणाली, "संध्याकाळी करीमभाईच्या घरी जाऊ. बोलीन मी. तुम्ही निस्ते बसा."

मी निस्ता बसलो. दुकानाच्याच मागं घर. ओळखीपाळखी निघाल्या, चहा आला, मंदा पोरीच्या अभ्यासावरून खेळावर आली. मॅच हरली म्हणून पोरीचा खेळ का बंद करायचा, असं तिनं अगदी सरळ विचारलं. करीमभाई ऐकत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम का तो समझा. पर आप खेले हुए आदमी हो. आप बोलो भाई, लडकी में दम है क्या?"

किती साधा प्रश्न. मी तोंड उघडलं आणि तयार वाक्य बाहेर आलं. "दम? अहो, काय ते तिचं ड्रिबल. सगळ्या कोर्टावरून चेंडू आपटत नेते, कुणाला हाताला लागू देत नाही."

आतल्या दारात आफरीन उभी होती. अदबीनं म्हणाली, "अंकल, मैं तो ड्रिबल करतीच नहीं. मैं तो रिंग के नीचे खेलती."

चहाची बशी माझ्या हातात होती. मी स्वतः जन्मभर रिंगखाली खेळलो. संघातली सर्वांत उंच मुलगी, तिथं नाही तर कुठं खेळणार? तिच्याकडं एकदा नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. आणि मी तिच्या आख्ख्या सामन्याचं समालोचन केलं होतं. मंदा बशीकडं बघत होती, माझ्या. मला वाटतं, चहा कधी सांडतो याची वाट बघत असावी.

"मी पाहिलंच नाही," मी म्हणालो. "बोलत होतो."

करीमभाई रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "तो फिर देख लो. देख के बताओ. फिर मैं सोचूँगा."

पुण्याची सुट्टी वाढवून घेतली आणि तो उरलेला हिवाळा मी पाहण्यात घालवला. सकाळी सूर्य निघायच्या बेताला सरांच्या मातीच्या कोर्टावर जायचं, कानटोपी घालून बाकावर बसायचं. दवानं माती बसलेली असायची आणि चेंडूचा आवाज ओला यायचा. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाह्यजो. शिकवू नको." मुलींच्या तोंडातून वाफा निघायच्या. सुरुवातीला माझं डोकं प्रत्येक गोष्टीला वाक्य जोडायचं, जिभेला कळ लागायची. मग हळूहळू वाक्यं मागं पडायला लागली आणि खेळ दिसायला लागला. आफरीन उडी मारायच्या आधी डावा खांदा किंचित खाली घेते. समोरचीचा धक्का ती पाठीवर झेलते आणि तक्रार करत नाही. चेंडू रिंगवरून परत येणार कुठं, हे तिला इतरांच्या आधी कळतं, आणि ती तिथं जाऊन उभी असते, बस थांब्यावर वाट बघणाऱ्या माणसासारखी. डाव्या हातानं टाकायला कचरते. चुकली की स्वतःच्याच मनगटाकडं रागानं बघते. हे सगळं त्या संध्याकाळीही झालं असणार. साहेबांना गादीचं दुकान सांगत असताना, माझ्यापासून चार हातांवर झालं असणार.

ती माझ्याशी एकदाच बोलली, चेंडू बाकाखाली आला तेव्हा. मी तो उचलून दिला. ती म्हणाली, "अंकल, आप रोज आते, कुछ बोलते नहीं." मी म्हणालो, "पाहून राह्यलो." ती हसली नाही, पण चेंडू घेऊन जाताना दोन पावलं पळाली.

आफरीन पुढं खेळली. तिच्या कॉलेजच्या संघातून खेळली, चांगली खेळली. आता पोलीस भरतीची तयारी करते आणि संध्याकाळी सरांच्या कोर्टावर लहान मुलींना शिकवते. सर बाकावर बसून नुसते ओरडतात. पण ती अमरावती हुकली ती हुकलीच. त्या वयाची, त्या मुलींबरोबरची, डबा आणि गोधडी घेऊन एसटीनं जायची अमरावती पुन्हा कुठून आणायची? त्या संघातल्या दोघींची त्याच उन्हाळ्यात लग्नं झाली. आमंत्रण मला होतं. माइकवर स्वागत करायलाही बोलावलं होतं.

मी अजून समालोचन करतो. पोट आहे, आणि दुसरं काही येत नाही. हल्ली केतकीची कुरकुर असते, "सर, मध्येच गप्प होता तुम्ही." मी म्हणतो, बघत होतो. ती म्हणते, बघायला प्रेक्षक आहेत. तिचंही बरोबर आहे. मग मी भरायला लागतो. भरताना मान गरम होते. पुण्यात थंडी कमी, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या हिवाळ्यात, तिळगूळ वाटून झाल्यावर, मी एकटाच करीमभाईंच्या दुकानात गेलो. ते मोटारसायकलच्या सीटला कव्हर शिवत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढं केलं. मी बसलो नाही. येताना वाटेत पुष्कळ जुळवलं होतं, ते दुकानाच्या पायरीवर सगळं गळून गेलं.

"करीमभाई," मी म्हणालो, "पोरगी भारी खेळते. त्या दिवसची मॅच म्या खाल्ली."

त्यांची सुई थांबली. "बस?"

"बस."

त्यांनी दातानं दोरा तोडला आणि म्हणाले, "ठीक है. खेलने दो." आणि चहावाल्याला हाक मारली.

घरी आलो तेव्हा मंदा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय बोलले करीमभाईजवळ?"

मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. करीमभाई हो म्हणाले, तेही सांगितलं. तिनं हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"म्हणजे थोडक्यात बोलता येते तुमाले," ती म्हणाली. "मंग त्या दिवशीबी आलं असतं."